आत्याचा मान

फुलपाडा, विरार (पूर्व)
९ जून २०२४

चि. सुमेध,

आशीर्वाद आहेतच, ते कधी बंद पडले नव्हते.

हातात फोन असताना ताईला पत्राचं खूळ कुठून आलं, असं तुला वाटेल. सांगते. फोनवर तू एकटा नसतोस. तू "बोल ताई" म्हणतोस आणि तुझ्या मागे ती भाषा सुरूच असते. कधी फोतिनी, कधी तिची आई, कधी दोघी मिळून. सुपात तांदूळ पाखडावेत तसा सस्‌ सस्‌ आवाज, मध्येच घशातून एक घ्घ, की पुन्हा सस्‌. तुझा एक कान माझ्याकडे, एक तिकडे. कागदावर तरी तू एकटा असशील. म्हणून यापुढे महत्त्वाचं असेल ते पत्राने. ग्रीसमधल्या तुझ्या पिरियसहून पत्र इथे यायला तीन आठवडे लागले तरी चालतील, मी काही कुठे पळून जात नाही.

आता मुख्य विषय. नोव्हेंबरमध्ये बाळ येणार, ही बातमी तू मला फोनवर दिलीस तीही अशाच गलक्यात. मी आनंदाने रडत होते आणि तुझी सासू मागे कुणालातरी मोठमोठ्याने काहीतरी सांगत होती. मी आत्या होणार, सुमेध. आपल्याकडे बाळाचं नाव कोण ठेवतं, हे तुला नव्याने सांगायला नको. बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. लग्न, मूल, यातलं माझ्या वाट्याला काही आलेलं नाही. आई गेली तेव्हा तू बारा वर्षांचा होतास आणि मी एकोणीसची, आणि मग तुझे डबे, तुझी शाळा, तुझं इंजिनिअरिंग, यात वर्षं गेली. त्याबद्दल तक्रार नाही. पण हा एक मान मला हवाय. जानेवारीत बाळाला घेऊन इकडे येणारच आहात, तेव्हा बारसं विरारलाच. नाव मी ठेवणार.

आणखी एक. मागच्या महिन्यात तू बाबांना फोनवर जो आवाज रेकॉर्ड करून पाठवलास, फोतिनी तिच्या आईशी बोलत होती तो, त्यात दोनदा माझं नाव आहे. क्षितिजाचं ती "सितिझा" असं काहीतरी करते, पण मीच ती. आणि दोन्ही वेळा नंतर हसणं आहे. मी दिवसभर लोकांचे कान तपासते, मला ऐकण्यात चूक होत नाही. ती काय म्हणाली ते मला कळायला हवं.

बाबा बरे आहेत. नवी कवळी बसवलीय, त्यामुळे सध्या सगळ्यांशी थोडे कमी बोलतात.

ताई


पिरियस
२ जुलै २०२४

प्रिय ताई,

पत्र मिळालं. ऑफिसातल्या पोरांनी पाकीट हातात घेऊन तिकिटं पाहिली, जणू संग्रहालयातून काही आलंय.

ग्रीकबद्दल तू लिहिलंस ते वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मलाही तसंच ऐकू यायचं. सगळे एकमेकांवर चिडलेत असं वाटायचं, आणि मग कळायचं की ते टोमॅटोंचं कौतुक करतायत. आमच्याकडे एक फिलिपिनो इंजिनिअर आहे. तो म्हणतो, लांबून ऐकलं की स्पॅनिश वाटतं, म्हणून कान टवकारावेत, तर एक शब्द हाताला लागत नाही. मग एक दिवस दुकानात उभा असताना मला मागच्या दोन बायकांचं भांडण आपोआप कळलं. त्या दिवसापासून ती सस्‌सस्‌ बंदच झाली. आता मुद्दाम ऐकायचं म्हटलं तरी ऐकू येत नाही. नुसतं बोलणं ऐकू येतं.

उलटंही आहे. फोतिनीला तुझं-माझं मराठी कसं वाटतं माहितीये? ती म्हणते, कुणीतरी लाकडी जिन्यावरून भराभर खाली उतरतंय. "ळ" आला की शेवटची पायरी चुकल्यासारखं वाटतं तिला.

आवाजातल्या तुझ्या नावाचं म्हणशील तर ती आईला एवढंच सांगत होती की तुझा आवाज फार गोड आहे. तू उगाच मनात घेऊ नकोस.

आता तुला हसायला येईल अशी गोष्ट. आपली च-ची भाषा आठवते? कळंबच्या किनाऱ्यावर सगळ्या नातेवाइकांच्या देखत आपण दोघं जी बोलायचो आणि कुणाला पत्ता लागायचा नाही? ती मी फोतिनीला शिकवली. मराठी तिला धड येत नाही, पण शब्दाचं पहिलं अक्षर मागे टाकायचं, पुढे च लावायचा आणि मात्रा त्या च-ला द्यायची, हा खेळ तिला इतका आवडला की परवा जेवताना तिने तिच्या आईसमोर मला म्हटलं, "चाणीप चेद." मी पाणी दिलं आणि आम्ही दोघं पाच मिनिटं हसत होतो. तिच्या आईला वाटलं, आमचं डोकं फिरलंय. तू भेटलीस की तुझ्याशी ती तेच बोलणार आहे. गुपचूप सराव करतेय.

नावाचं... इथेही त्याबाबत एक रीत आहे. सविस्तर पुढच्या पत्रात लिहितो, आत्ता जहाजाच्या कामावर निघालोय.

बाबांना नमस्कार. कवळीचा फोटो पाठव.

तुझा,
सुमेध


फुलपाडा
२४ जुलै २०२४

सुमेध,

मला हसायला आलं नाही.

ती भाषा तुझी एकट्याची नव्हती की उचलून कुणाला द्यावी. आई गेली त्या वर्षी आपल्या घरात मावश्या-काकवांचा बाजार भरला होता. "पोराला होस्टेलला टाका, पोरीचं उरका," असं आपल्या समोर चालायचं. तेव्हा तू माझ्या कुशीत येऊन त्याच भाषेत विचारायचास की मला पाठवणार का गं, आणि मी त्याच भाषेत सांगायचे की नाही. ती आपली खोली होती, रे. दार आतून लावलेलं. आता तिथे बसून कुणी पाणी मागतंय आणि तुम्ही हसताय. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. हे लिहिताना माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्यात हे मला कळतंय. झोंबू देत. मला जळायला होतं, हे मी तुझ्यापासून कशाला लपवू? तिला तू मिळालास, तुझं हसणं मिळालं, बाळ मिळणार. एवढंसं काही माझं म्हणून राहू द्यायला काय झालं होतं?

दुसरी गोष्ट. माझा आवाज "गोड आहे" एवढं म्हणायला कुणी दोनदा नाव घेऊन दोनदा हसत नाही. म्हणून मी तपास केला. तो आवाज क्लिनिकमध्ये नेला. आमच्या कान तपासायच्या पेटीत, म्हणजे त्या बंद खोलीत, बाहेरचा काही आवाज येत नाही. ज्यांचं काम झालं अशा लोकांना बसवून मी तो ऐकवला आणि विचारलं, ही बाई काय करतेय? खरं सांगू, मला एकाने तरी म्हणायला हवं होतं की कुणाची तरी निंदा करतेय.

चांदीपचे काळूराम आले होते, भातशेती करतात, एका कानाला मशीन लागणार आहे. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पानी उकलतंय. भात टाकाया झाला." हंसाबेन, आमच्या खालच्या मजल्यावरच्या, त्यांना वाटलं साडीचं दुकान आहे आणि बाईला कुठलाच रंग पसंत नाही. रिसेप्शनवरची प्रिस्का तर उडालीच. ती वसईच्या गावातली, चर्चच्या गायनमंडळात आहे. म्हणाली, "अगो, हे तं आमच्या मिस्सातलं. किरिये एलेइसोन आम्ही गातो ना, ते ग्रीकच." आजीच्या अंत्यविधीला गायलेलं तिला आठवलं आणि ती पाणी प्यायला उठून गेली.

शेवटी बाबांना विचारलं. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवलेला माणूस. त्यांनी तीनदा लावायला सांगितलं आणि म्हणाले, प्रत्येक शब्दाला विसर्ग आहे गं, कुणीतरी संध्या करतंय असं वाटतं. आणि खूश होऊन कवळी काढून ठेवली.

म्हणजे निंदा फक्त मला ऐकू येते. कावीळ झाली की सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं असेल माझं. पण नाव तर माझंच घेतलंय ना? खरं काय ते लिही. आणि ती नावाची रीत काय आहे, तेही. अर्धं बोलून जहाजावर पळायचं नाही.

ताई


पिरियस
२० ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

तुझं पत्र चारदा वाचलं. च-ची भाषा देताना मी विचार केला नाही. मला ती आठवली की कळंबचा समुद्र आठवतो, होस्टेलचं नाही. ते तू माझ्यापर्यंत येऊ दिलं नाहीस म्हणून असेल. माझं चुकलं.

आवाजातलं खरं असं आहे. फोतिनी आईला सांगत होती की सितिझा माझ्याशी फोनवर कधी बोलत नाही, मी आले की म्हणते "सुमेधला दे." तिला मी आवडत नाही बहुतेक. त्यावर तिची आई हसली आणि म्हणाली, नणंद कुठेही नणंदच, माझीही तशीच होती, आता तिच्याशिवाय माझं पान हलत नाही. दुसऱ्यांदा हसणं त्यावर होतं. मी तुला खोटं सांगितलं कारण खरं सांगितलं तर तू आणखी दूर जाशील असं वाटलं.

आता रीत. इथे पहिल्या बाळाचं नाव आई-बाप निवडत नाहीत. ते कुणाचं असायचं हे आधीपासून ठरलेलं असतं, त्यात कुणाला विचारायचं नसतं. आणि बाप्तिस्मा होईपर्यंत त्या नावाने बाळाला हाक मारत नाहीत, नुसतं "बेबा" म्हणतात. फोतिनीची आई हे फार पाळते. त्यामुळे नाव मी आत्ता लिहू शकत नाही. मला ते तुला समोर बसवून सांगायचंय. ताई, एवढं एक माझ्यावर सोड, हट्ट करू नकोस.

तुझा,
सुमेध


फुलपाडा, विरार
९ सप्टेंबर २०२४

सुमेध,

तुमच्याकडे नाव आधीच ठरलेलं असतं, हे वाचलं. असेल कुठल्या तरी त्यांच्या संताचं. तेव्हा आत्याचं काम उरलेलं नाही, हे स्पष्ट झालं.

बाबांची तब्येत ठीक नसते. डॉक्टरांनी घरात गडबड नको असं सांगितलंय. जानेवारीत येऊ नका. त्यांना त्रास होईल. फोनही सारखे करू नका, त्यांना बोलून दम लागतो.

सौ. फोतिनीस नमस्कार सांगावा.

क्षितिजा


पिरियस
२८ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

अकरा तारखेला मुलगी झाली. तुझा फोन तीन दिवस लागत नव्हता, म्हणून मी बाबांच्या फोनवर केला. बाबांनी उचलला. दम बिम काही लागत नव्हता. म्हणाले, कालच पापडखिंडीपर्यंत चालून आलो, तुम्ही जानेवारीत येताय ना? मी म्हटलं, तिकिटं मिळत नाहीत. तुझं नाव घेतलं नाही. तू का लिहिलंस ते मला कळलं, आणि मला राग आला, आणि मग गेला.

आता नाव. सासूबाईंची रीत मी मोडतोय, पण तुला आणखी अंधारात ठेवलं तर मी तुला गमावेन.

इथे पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव देतात आणि पहिल्या मुलीला बापाच्या आईचं. आईच्या आईचा नंबर नंतर. बाळाची बातमी कळली त्याच दिवशी फोतिनीच्या आईने मला विचारलं होतं, तुझ्या आईचं नाव काय? मी सांगितलं आणि सांगताना माझ्या लक्षात आलं की ते मी तोंडाने पहिल्यांदाच म्हणतोय. फॉर्मवर शंभरदा लिहिलंय. पण म्हटलेलं नाही. आपण आई म्हणायचो. बाबा "अगं" म्हणायचे. माहेरचे सगळे तिला जुन्या नावानेच बोलवायचे. सरोजिनी हे नाव बाबांनी लग्नात तांदळात अंगठीने लिहिलं, ते तिथून रेशन कार्डावर गेलं, गॅसच्या पुस्तकात गेलं आणि शेवटी मृत्यूच्या दाखल्यावर. तिला त्या नावाने हाक कुणी मारली, ताई? मला एक माणूस आठवत नाही.

फोतिनीच्या आईला ते जड जातं. त्यांच्या भाषेत तो ज नाही. म्हणून बाळ आतल्या खोलीत झोपलं की ती सिंकपाशी भांडी घासत सराव करते. परवा मी दाराआड उभा राहून ते रेकॉर्ड केलं. हे पत्र मिळालं की नुसतं "मिळालं" एवढं कळव, मी तो आवाज पाठवतो. त्यात ती नावापुढे "मू" म्हणते. मू म्हणजे माझी.

कुर्रर्र कोण करणार हे मी तिला तेव्हाच समजावलं होतं. ती म्हणाली, मग बाप्तिस्मा नंतर, आधी तुझी बहीण.

तुझा,
सुमेध


फुलपाडा, विरार (पूर्व)
१९ डिसेंबर २०२४

सुमेध,

बाबांच्या तब्येतीचं मी खोटं लिहिलं. त्यांना काल सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त जेवताना भाजी वाढून घेतली नाही.

आता तुला एक सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ते नाव मी राखून ठेवलं होतं. तू म्हणतोस ते मला एकोणिसाव्या वर्षीच कळलं होतं, आईच्या दाखल्यावर नाव वाचताना. तेव्हाच ठरवलं की मुलगी झाली की सरोजिनी, आणि मग दिवसातून शंभरदा हाक मारायची. दूध पी सरोजिनी. दप्तर भर सरोजिनी. खिडकीतून खाली ओरडून बोलवायचं, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं. तुझ्या बाळासाठी मी दुसरीच नावं काढून ठेवली होती, यादी कपाटात आहे. हे नाव तिच्यात नव्हतं. हे माझ्या मुलीचं होतं. अडतीस वर्षांची झाले, ती मुलगी आता येणार नाही हे मला कळतं, पण नाव काही सुटत नव्हतं. तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा आनंद झाला नाही. हेही घेतलं त्यांनी, असं वाटलं. दोन दिवस तुला "मिळालं" कळवलं नाही ते त्यामुळे.

मग आवाज आला. घरी लावायचा धीर होईना. बाबांना घेऊन क्लिनिकवर गेले, दुपारी पेशंट नसतात. त्यांना पेटीत बसवलं, हेडफोन लावला आणि काही सांगितलं नाही. तपासणीत आवाज ऐकू आला की माणसाने हातातलं बटण दाबायचं असतं, मग बाहेर माझ्यासमोर दिवा लागतो. बाबांची दर वर्षी तपासणी होते, त्यांनी सवयीने बटण हातात घेतलं.

मी बाहेरून माझ्या हेडफोनवर ऐकत होते. नळाचं पाणी, भांडी, ती तुझी सस्‌सस्‌. मग ती म्हणाली, "सारोद्झिनी." माझ्यासमोर दिवा लागला. पुन्हा म्हणाली, थोडं रागावून, जमत नाही म्हणून. पुन्हा दिवा. नंतर हळू आवाजात, "सारोद्झिनी मू," आणि दिवा लागला तो विझेचना. बाबांनी बटण दाबून धरलं होतं.

बाहेर आल्यावर ते खुर्चीवर बसून राहिले. म्हणाले, "मी ठेवलेलं नाव आहे ते. मीच कधी घेतलं नाही." मी त्यांना चहा आणायला प्रिस्काला पाठवलं आणि मी पण बसले.

मला अजून जळायला होतं, ते काही एका दुपारी जात नाही. परमुलखातली एक बाई भांडी घासता घासता तुझ्या-माझ्या आईच्या नावाने हाक मारते, आणि आपण तिघं, सख्खी माणसं, इतकी वर्षं गप्प. पण तिच्या तोंडून ते ऐकल्यावर ती भाषा मला आता पाखडल्यासारखी वाटत नाही. कशी वाटते ते सांगता येत नाही, मी अजून ठरवलेलं नाही. फोतिनीला म्हणावं, फोनवर आली तर मी बोलेन. च-च्या भाषेत मात्र नाही. ती मला थोडे दिवस राहू दे.

फेब्रुवारीत या. बाबा कालपासून पंचांग उघडून बसलेत. पाळणा प्रिस्काच्या घरचा मिळतोय, लाकडी आहे, तिच्या तीन भावांना पुरलेला.

नाव मी देते. जे ठरलंय तेच. सासूबाईंना सांग, सराव जरूर करावा, पण सिंकपाशीच. बाळाच्या कानात ते सगळ्यात आधी माझ्या तोंडून पडणार, त्यात तडजोड नाही.

आणि तुला म्हणून सांगते, मीही सराव करतेय. खोलीचं दार लावून, उशीला हाक मारते. अजून "सरो"च्या पुढे आवाज जात नाही. फेब्रुवारीपर्यंत जमेल.

तुझी,
ताई